विहिणींच्या खोल्या

घर नवं बांधायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद दोन्ही आज्यांना झाला, आणि बांधकामाचा सगळ्यांत जास्त खोळंबाही त्यांनीच केला.

त्यांची नावं नातीनं पाडली होती. वडिलांची आई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून म्हातारी झाली, म्हणून ती बसआजी. उंचीपुरी, खणखणीत आवाजाची. लाउडस्पीकर बंद पडला तरी तिचं काही अडायचं नाही असं तिच्याबद्दल स्थानकात म्हणायचे. आईची आई इस्पितळात नर्स होती, ती सुईआजी. ठेंगणी, चालली तर पावलांचा आवाज येणार नाही अशी. या दोघी एकमेकींना मात्र 'विहीणबाई' म्हणत, आणि ते इतक्या अदबीनं म्हणत की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

जागा बसआजीची. तिथं तिचं दोन खोल्यांचं जुनं घर होतं आणि त्यात ती, मुलगा, सून आणि नात अशी चौघं राहायची. मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. सुईआजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, एकटी. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जावई दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालू करत फिरायचा आणि त्याची सासू भाजीची पिशवी घेऊन प्रत्येक मजल्यावर दम खात उभी राहायची. सुनेच्या मनात हे कधीपासून होतं, पण आईला सासरी आणायचा विषय काढायचा कसा?

तो बसआजीनंच काढला. एका सकाळी दात घासता घासता म्हणाली, "पाडा हे खुराडं. मोठं बांधा. आणि विहीणबाईंना इकडं घेऊन या, त्यांचे गुडघे काही आता त्या जिन्याला दाद द्यायचे नाहीत."

सून न्हाणीघराच्या दारात तशीच उभी राहून रडली. बसआजी चूळ भरत म्हणाली, "रडतेस काय? बाजूला हो, थुंकू कुठं मी?"

तर असं घर उभं राहायला लागलं. वर मुलगा, सून आणि नात. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि आज्यांसाठी दोन खोल्या. एक पुढं, रस्त्याच्या अंगाला. दुसरी मागं, छोट्याशा अंगणाकडं. मधे एक अरुंद बोळ. भिंती झाल्या, छत पडलं, आणि मग मिस्त्रीनं साधा प्रश्न विचारला. कुठली खोली कोणाची?

"फळ्या मारायच्यात," तो म्हणाला. "बटणं बसवायचीत. एक आजी ही एवढी, दुसरी ती तेवढी. एकीची फळी दुसरीच्या डोक्यात बसायची."

"विहीणबाईंना विचारा," बसआजी म्हणाली. "त्या म्हणतील तसं."

मिस्त्रीनं सुईआजीला विचारलं.

"छे हो, मला काय, कुठलीही चालेल. त्यांची जागा, त्यांचं घर. त्या म्हणतील तसं."

मिस्त्री परत बसआजीकडं. बसआजी परत, "त्यांना विचारा." असा तो बिचारा दोन दिवस दोघींमध्ये येरझाऱ्या घालत राहिला आणि शेवटी मुलाला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, मी घरं बांधलीत, पण लग्नं नाही जमवली. तुम्हीच काय ते ठरवा."

मुलगा आईपुढं कधी काही ठरवत नसे आणि सासूपुढं तर नाहीच. अखेर बसआजीनं निकाल लावला. "पुढची खोली विहीणबाईंना. उजेड आहे, वारा आहे, येणारंजाणारं दिसतं. मी काय, घरचीच. मला मागची पुरे."

हे ती अगदी सहज म्हणाली. पण त्या दिवशी तिनं कपातला चहा अर्धा तसाच ठेवला. कारण पाया खणला जात होता तेव्हापासून ती मनात पुढच्या खोलीतच राहत होती. खिडकी, खिडकीशी खुर्ची, आणि समोरून जाणारा अख्खा रस्ता. सायकलवाल्याचं दुकान, कोपऱ्यावरचा बसथांबा, शाळेतून सुटलेली पोरं. आयुष्यभर खिडकीत बसून माणसं बघितलेल्या बाईला दुसरं काय हवं असणार?

आणि तिकडं सुईआजीला हवी होती मागची खोली. तिनंही घर पाहिलं होतं. मागच्या खोलीत ती एकदाच उभी राहिली होती, अर्धवट भिंतींमध्ये. बाहेर अंगण, पलीकडं शेजारच्या गोदामाची बिनखिडकीची भिंत. कसलाही आवाज नाही. 'इथं माणूस झोपेल,' असं तिला वाटलं होतं. सगळी नोकरी तिनं रात्रपाळीत काढली, आणि झोपायची ती दिवसा, तुकड्यातुकड्यांनी, कुकरची शिट्टी आणि शेजारच्यांचा रेडिओ यांच्या मधल्या फटीत. नोकरी संपली तरी ती सवय संपली नव्हती. टाचणी पडली तरी जाग यायची. पण विहिणीनं स्वतःहून चांगली खोली देऊ केली, तिला नाही कसं म्हणायचं? ती म्हणाली, "केवढा मान दिलात हो."

झालं. पुढच्या खोलीत फळ्या खाली लागल्या, मागच्या खोलीत वर.

सगळे राहायला आले. घर सुरेख झालं होतं. शेजारीपाजारी येऊन बघून गेले आणि दोघी विहिणींकडं बघून म्हणाले, काय बाई यांचं जमतं! खरंच, जमत होतंच. सकाळी चहा बसआजी करायची. विहीणबाई नर्स होत्या, म्हणजे साखर कमीच घेत असणार, म्हणून ती त्यांचा कप फिका ठेवायची. सुईआजी तो फिका चहा 'वा, छान' म्हणत प्यायची आणि मग आपल्या खोलीत जाऊन बरणीतला गूळ खायची. दुपारची भाजी सुईआजी करायची. विहीणबाईंचं वय झालं, तिखट सोसत नसेल, म्हणून बेतानं. बसआजी ती भाजी हिरव्या मिरचीशिवाय गिळायची आणि मनात म्हणायची, असू दे, आजाऱ्यांना जेवू घालायची सवय त्यांना.

पुढच्या खोलीसमोर सकाळी सकाळी सायकलवाला हातोडी घेऊन बसायचा. मग शाळेची घंटा. मग बसचे ब्रेक. सुईआजीनं आधी खिडकी लावून घेतली, मग जाड पडदा आणला, मग कानात कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली. मागच्या खोलीत बसआजी पलंगावर बसून समोरची भिंत बघायची. भिंतीवर कधीमधी मांजर यायचं. मांजर आलं की तिला बरं वाटायचं. बाकी वेळ स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकायची.

बाहेर जाता-येता तिला ती बंद खिडकी दिसायची आणि डोळ्यांत खुपायची. एवढी सोन्यासारखी खिडकी, आणि ती बंद!

"विहीणबाईंना आपला रस्ता पसंत नाहीसं दिसतं," ती मुलाला म्हणाली.

"मग विचार ना त्यांना."

"मी? मी कसं विचारू? त्यांना वाटेल, हिनं खोली दिली आणि आता हिचा डोळा आहे."

"आहे का डोळा?"

"गप बैस," बसआजी म्हणाली.

आणखीही एक गोष्ट होती. सून दुकानातून आली की आईशी स्वयंपाकघरात बोलत उभी राहायची. दोघींचं बोलणं खालच्या आवाजातलं. बसआजी बोळातून आली की ते बोलणं थांबायचं. माय-लेकी त्या, त्यांचं काहीबाही असणार, हे बसआजीला कळत होतं. तरीही ती दोन पावलं मागं सरायची आणि पाणी न पिताच परत जायची. शिवाय अलीकडं विहीणबाईंना हाक मारली तर त्या ओ देत नसत. एकदा नाही, दोनदा तसं झालं. बसआजीनं ते मनाला लावून घेतलं.

मग ती दुपार आली. शाळा काही कारणानं लवकर सुटली. नात घरी आली, तिनं बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार वाजवलं. सुईआजी खोलीत होती, बेल तिच्या डोक्यावरच होती, पण कानात बोळे. बसआजी मागं होती, आणि मागच्या खोलीत बेल ऐकू येत नाही हे बेल बसवताना कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नात हाका मारून थकली. शेवटी सायकलवाल्यानं तिला आपल्या दुकानात बसवून घेतलं.

बऱ्याच वेळानं बसआजी मागच्या भिंतीला कंटाळून बाहेर पायरीवर येऊन बसली, आणि तिला समोरच्या दुकानातून ओळखीचा आवाज ऐकू आला. जाऊन बघते तर नात! गुडघ्यापर्यंत ग्रीस, हातात पाना, आणि सायकलवाल्याला शाळेतल्या भांडणाची हकीकत सांगण्यात दंग.

"मी कित्ती वेळ बेल वाजवली," नात म्हणाली. "तुम्ही दोघी घरात नव्हतातच."

बसआजीनं नातीचा हात घट्ट धरून रस्ता ओलांडला, पोरीला वर हातपाय धुवायला पाठवलं आणि पुढच्या खोलीचं दार धाडधाड वाजवलं. कडी काढून सुईआजी बाहेर आली. तिच्या एका कानातून पांढरा कापूस डोकावत होता.

"विहीणबाई! पोर तासभर रस्त्यावर होती! बेल तुमच्या डोक्यावर आहे आणि तुम्हाला ऐकू येत नाही?"

"काय? कोण रस्त्यावर?" सुईआजीनं बोळे ओढून काढले. बसआजीनं पुन्हा सांगितलं तशी ती इकडंतिकडं बघायला लागली. "अरे देवा. कुठंय ती? लागलं नाही ना तिला?"

"लागलं नाही. पण लागलं असतं तर? कापूस कशाला घालून बसता तुम्ही?"

"झोप येत नाही म्हणून!" सुईआजीचा आवाज एकदम चढला. असा आवाज त्या घरानं तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. "आल्यापासून झोप नाही मला! पहाटे तो हातोडी घेऊन बसतो, मग ती घंटा, मग बस! डोकं फुटतं माझं!"

"मग खोली बदलून मागायची!"

"कशी मागणार? एवढा मान देऊन दिलीत!"

"मान? कसला मान? अगं बाई, मला हवी होती ती खोली! मला! जीव अडकला होता माझा त्या खिडकीत! आणि तू ती लावून बसलीस!"

खोली हवी होती हे बाहेर पडलं होतं, आणि त्याबरोबर 'तू'ही बाहेर पडलं होतं. वर जिन्यावर नात ओले हात तसेच धरून उभी होती. आज्यांना भांडता येतं हे तिला आजच कळत होतं.

"मग तू तरी तोंड उघडायचंस ना," सुईआजी म्हणाली.

आता खरं तर दोघींनी हसायला हवं होतं. पण राग काही असा लगेच उतरत नाही, विशेषतः इतके महिने साठलेला. दोघींनी एकमेकींकडं पाठ फिरवली. थोड्या वेळानं पुढच्या खोलीतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज यायला लागला. बसआजी जाऊन बघते तर सुईआजी आपलं लाकडी कपाट एकटी ढकलत होती.

"हे काय?"

"जाते मागच्या खोलीत. आत्ता. तू ये इकडं."

"एकटीनं ओढून कंबर मोडायचीय का? नर्स होतीस ना?"

"मग हात लाव."

बसआजीनं पुढून ओढायचं आणि सुईआजीनं मागून ढकलायचं असं ठरलं. कपाट दारातून निघालं, बोळात शिरलं, अर्ध्यावर तिरकं झालं आणि अडकलं. असं अडकलं की पुढं नाही, मागं नाही. एका बाजूला स्वयंपाकघर आणि बसआजी, दुसऱ्या बाजूला सुईआजी, जिना आणि नात. दोघींनी जोर लावला. भिंतीचा नवा रंग खरवडला गेला, आणि मग दोघी घामाघूम होऊन आपापल्या बाजूला जमिनीवर बसल्या.

कपाट मधे होतं. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच बोलणं सोपं गेलं.

"ऐकते आहेस का?" कपाटाच्या पलीकडून बसआजीचा आवाज आला.

"आता कापूस नाहीये. ऐकते आहे."

"स्वयंपाकघरात तुम्ही दोघी काय कुजबुजता गं? मी आले की गप्प का होता?"

"आम्ही?" सुईआजीला क्षणभर कळेना. "अगं, तू झोपली असशील म्हणून हळू बोलायचो. तुला जाग आली असं वाटून गप्प व्हायचो. बोलायचो काय, तर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांबद्दल. परवा एक माणूस आला, बायकोचा चष्मा घालून महिनाभर हिंडत होता आणि नजर सुधारली म्हणत होता."

बसआजीला हसू आलं. तिनं ते आधी दाबलं आणि मग दाबलं नाही.

"मला वाटायचं, माझ्याबद्दल बोलता."

"तुझ्याबद्दल काय बोलायचं?" सुईआजी म्हणाली. "मी इथं भीतभीतच आले गं. मुलीच्या घरी राहायचं. आपण पाहुणीसारखं राहावं, कोणाला जड होऊ नये, एवढंच डोक्यात. पलंगावर बसतानासुद्धा वाटायचं, चादरीला सुरकुती पडायला नको."

"आणि मला वाटायचं, हिला इथं आवडतच नाहीये. माझ्या घरात येऊन ही बाई खिडकीसुद्धा उघडत नाही."

मग बसआजी भिंतीला धरून उठली. "चहा टाकते. साखर किती घालू?"

"खरं सांगू?"

"आता खोटं बोललीस तर कपाट तुझ्यावर ढकलीन."

"दोन चमचे. वरून भरलेले."

"अगं माझे आई! आणि मी इतके महिने तुला गरम पाणी पाजतेय!"

चहा झाला. बसआजीनं हात उंच करून कप कपाटावरून पलीकडं धरला. सुईआजीचा हात पुरेना. मग नात जिन्यावरून खाली आली, स्टुलावर चढली आणि जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश, तो कप खाली उतरवला. सुईआजीनं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कसा आहे?" पलीकडून विचारणा झाली.

"बोलू नकोस. पिऊ दे."

"आणि उद्यापासून भाजीत मिरची घाल. माझी जीभ मेली नाहीये अजून."

मुलगा कामावरून आला तेव्हा दोघी अजून तशाच होत्या, आणि बसआजी कपाटाआडून स्थानकावरच्या कोण्या प्रवाशाची गोष्ट सांगत होती. म्हणे तो तीन वेगवेगळ्या बसमध्ये बसून तीनही वेळा जिथून निघाला तिथंच परत आला होता. मुलानं पिशवी खाली ठेवली. अडकलेलं कपाट बघितलं, खरवडलेली भिंत बघितली, जमिनीवर पाय पसरून बसलेली सासू बघितली.

"हे काय झालं?"

"जावईबापू," सुईआजी म्हणाली, "लिफ्ट अडकलीय."

"आत कोण आहे?"

"दोघी होतो. आता बाहेर काढा."

आयुष्यात पहिल्यांदा सासूनं त्याची चेष्टा केली होती. तो एवढा चकित झाला की आधी हसायचंच विसरला. मग त्यानं हत्यारं आणली, कपाटाची दारं बिजागरीतून मोकळी केली, खाली सतरंजी सरकवली आणि इंचाइंचानं ते सुटं केलं. तोवर सूनही आली. तिला नातीनं दारातच सगळं सांगितलं. तिचा आधी विश्वास बसेना, मग ती खुर्चीत बसून हसायला लागली, आणि हसता हसता तिचं तोंड रडवेलं झालं. तिच्या आईनं तिच्याकडं बघून म्हटलं, "तू आता रडत बसू नकोस. त्या पलंगाचं एक टोक धर."

अंधार पडायच्या आत खोल्या बदलून झाल्या. फळ्या अर्थातच चुकीच्या उंचीवर राहिल्या. बसआजीला औषधाच्या बाटलीसाठी वाकावं लागे, आणि सुईआजीला उशीचे अभ्रे काढायला स्टूल लागे. मुलगा म्हणाला, मिस्त्रीला बोलावतो. दोघी एकदमच म्हणाल्या, नको, पुन्हा तो विचारत बसेल कोणाची फळी कुठं. पण मागच्या खोलीपर्यंत बेलची एक तार मात्र त्यानं त्याच आठवड्यात ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दुकानाला जायला खाली आली. पुढच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. बसआजी केस विंचरता विंचरता सायकलवाल्याला त्याच्या मुलाच्या परीक्षेबद्दल ओरडून विचारत होती, आणि तोही हातोडी थांबवून ओरडून उत्तर देत होता. स्वयंपाकघरात मात्र आई नव्हती. तिचा चहाचा कपही कोरडा. एवढ्या उशिरापर्यंत आई अंथरुणात? सून जवळजवळ पळतच बोळातून मागच्या खोलीशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं कान लावला.

आतून घोरण्याचा आवाज येत होता. चांगला भरघोस, मधेच शीळ घालून पुन्हा सुरू होणारा.

सून ऐकत राहिली. लहानपणी आई सकाळी कामावरून यायची आणि पडायची, आणि ही पोर घरभर चवड्यांवर चालायची, भांडं हातात धरायची तेसुद्धा दोन्ही हातांनी. तरी आई उठायचीच. आईचं घोरणं तिनं कधी ऐकलंच नव्हतं. आपली आई घोरते हे तिला आज, डोक्यात पांढरे केस दिसायला लागल्यावर, कळत होतं.

"उठली का गं ती?" पुढच्या खोलीतून बसआजीनं विचारलं. तिनं आवाज खाली आणायचा खूप प्रयत्न केला होता, पण तो काही फारसा आला नव्हता. सून घाबरून दाराकडं बघत राहिली. आतली लय जराही मोडली नाही.

सुनेनं खांद्यावरची पर्स काढली आणि बोळातल्या गार फरशीवर भिंतीला टेकून बसली. दुकान उघडायला उशीर होणार होता. होऊ दे, असं तिनं ठरवलं.